एकतीस कार्डं आणि एक ‘ळ’

रिझल्ट लागून आता दहा-बारा दिवस झालेत. शाळा बंद आहे, बावखलांचं, म्हणजे वाड्यांमधल्या तळ्यांचं, पाणी तळाला गेलंय, वाड्यांमधून आंबे उतरवायचं चाललंय, संध्याकाळी आळीतल्या क्रुसाजवळ मे महिन्याची रोझरी असते आणि मी तिथे उभी असते, पण खरं सांगू का, माझं डोकं अजून प्रगतीपत्रकांतच अडकलंय. म्हणून लिहून काढतेय.

आमची शाळा वसईच्या पश्चिम पट्ट्यात, चर्चच्या मागे. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, कौलारू, पुढे पडवी. वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तो १९९८ साली, शाळा त्याच्या कितीतरी आधीची आहे. माझी आई इथेच शिकली. यंदाचा पट ६४. पहिलीत १५, दुसरीत १७, तिसरीत १४, चौथीत १८. शिक्षक तीन. चौथी मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः घेतात, पहिलीला आमच्या सगळ्यांत सीनियर बाई आणि मधली दुसरी-तिसरी एका खोलीत माझ्याकडे. एका भिंतीला दुसरीचा फळा, समोरच्या भिंतीला तिसरीचा, आणि मधे मी. म्हणजे वर्षाअखेरीला माझ्या टेबलावर एकतीस कार्डं.

बाहेरच्या लोकांना वाटतं प्राथमिकचा रिझल्ट म्हणजे काय मोठं काम, सगळे पासच असतात. पासच असतात, बरोबर आहे. पण २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून नुसता पेपर तपासून भागत नाही. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर पोराला बघून, त्याच्याशी बोलून, त्याच्याकडून करून घेऊन द्यायचे, आणि फक्त ३० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. मग त्या गुणांची श्रेणी, अ-१ पासून खाली. आणि शेवटी त्या तीन चौकटी ज्या मला दर वर्षी झोपू देत नाहीत: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक पोराच्या प्रत्येक सत्राला. वर्णनात्मक नोंदी म्हणतात त्याला.

या नोंदींची आता तयार पीडीएफ फिरते. एप्रिल आला की शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते. नियमित हजर राहतो. वर्गात सक्रिय सहभाग घेतो. सूचनांचे पालन करते. गटात मिळून मिसळून काम करते. सुंदर अक्षर काढते. विषयवार, इयत्तावार, शेकड्यांनी वाक्यं आहेत. मी कुणालाही नावं ठेवत नाही, ज्यांच्याकडे साठ-साठ पोरं आहेत, वर इलेक्शन ड्युटी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या आहेत त्यांनी काय करायचं. पहिली काही वर्षं मीपण त्यातूनच उतरवायचे. मग एका वर्षी माझ्या लक्षात आलं की दोन सख्ख्या बहिणींच्या कार्डावर मी तेच वाक्य लिहिलंय, आणि त्या दोघी इतक्या वेगळ्या होत्या की बघणाऱ्याला बहिणी वाटायच्याच नाहीत. त्या घरी जाऊन एकमेकींची कार्डं वाचणार हे मला सुचलं नव्हतं. धाकटी जूनमध्ये येऊन म्हणाली, टीचर, माझं ताईसारखंच आहे. तक्रार नव्हती तिची, नुसतं सांगितलं. तेव्हापासून मी ठरवलं की प्रत्येकाला निदान एक वाक्य असं लिहायचं जे दुसऱ्या कुणाच्या कार्डावर चालणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. एकदा बसून बघा. पहिली सात-आठ पोरं भराभर होतात, जी बोलकी असतात, भांडतात, गातात. शेवटची चार-पाच राहतात ना, तिथे पेन थांबतं. आणि पेन थांबलं की कळतं की या पोराला आपण वर्षभर नीट बघितलंच नाही. यंदा तिसरीतल्या एका मुलापाशी मी पाऊण तास बसले होते. शांत, वह्या वेळेवर, कधी त्रास नाही. शेवटी आठवलं की पावसाळ्यात पडवीत चपला भिजायच्या तेव्हा तो एकटा सगळ्यांच्या चपला जोडीने लावून आत सरकवून यायचा, कुणी न सांगता, रोज. ते लिहिलं. त्याच्या वडिलांनी एक मेला ते वाचलं आणि काही बोलले नाहीत, कार्ड घडी न घालता शर्टाच्या आत धरून घेऊन गेले.

सुधारणा आवश्यक ही चौकट मात्र मी फार जपून भरते, त्याला कारण आहे. मी तिसरीत होते, दुसऱ्या शाळेत, तेव्हा श्रेण्या नव्हत्या, गुण आणि खाली शेरा. माझा शेरा होता, बोली अशुद्ध, सुधारणा हवी. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घरी आमची कादोडी बोली बोलणार. माझ्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती. पपांनी तो शेरा वाचला की नाही मला माहीत नाही, त्यांनी सही केली आणि वाडीत पाणी सोडायला गेले. मी मात्र वाचला होता. चौथीचं अख्खं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही, उत्तर येत असलं तरी. घरीसुद्धा आजीशी बोलताना मधेच थांबायचे, की हे अशुद्ध आहे का. ज्या बाईंनी लिहिलं त्यांना हे कधी कळलंही नसेल, वाईट मनाने लिहिलं असेल असंही मला आज वाटत नाही. तीनशे कार्डांतलं एक कार्ड असेल त्यांच्यासाठी.

आता मुद्द्याचं. दुसरीतला एक मुलगा आहे, तबेल्यावरचा. आईवडील उत्तर प्रदेशातले, घरी भोजपुरी. पहाटे तीनला दूध काढायला सुरुवात होते तेव्हा सगळं घर उठतं, त्यामुळे तिसऱ्या तासाला हा डुलक्या घेतो आणि मी घेऊ देते. गेल्या जूनमध्ये तो थेट दुसरीत आला तेव्हा मराठी कळायचं थोडंफार, बोलायचा नाही. आणि ळ नव्हता. हिंदीत, भोजपुरीत हा आवाजच नाही, मग जिभेला तो माहीत असणार कुठून? फळ्याकडे बघ म्हटलं की त्याला वाटायचं फल, आणि तो खिडकीबाहेरच्या चिकूच्या झाडाकडे बघायचा. शाळेला शाला. केळ्याला केला. पोरं हसायची. मी हसणाऱ्यांना ओरडले नाही, मी त्यांना त्याच्याकडून पाच भोजपुरी शब्द शिकायला लावले आणि त्यांच्या जिभा कशा अडखळतात ते त्याला बघू दिलं. मग हसणं कमी झालं.

ळ शिकवायला मी आरसा वापरते. जिभेचं टोक वर वळवायचं, टाळूला मागे टेकवायचं आणि पुढे झटकत सोडायचं. र ला जीभ थरथरते, ल ला दातांमागे टेकते, ळ ला ती मागे दुमडून पुढे पडते. आरशात पोरं स्वतःची जीभ बघतात, त्यांना फार मजा वाटते. त्याने आरशासमोर खूप केलं, जीभ बरोबर जायची, आवाज मात्र ल चा. दिवाळीपर्यंत नाही, नाताळपर्यंत नाही. पहिल्या सत्राच्या कार्डावर सुधारणा आवश्यकची चौकट मी त्याची कोरी सोडली. सिस्टरांनी विचारलं, हे राहिलंय का? म्हटलं राहू दे सिस्टर, काय लिहायचं ते मला माहितीये म्हणूनच नाही लिहीत.

आणि मग मार्च. उपवासकाळातला शुक्रवार होता, चौथीची कॅथलिक पोरं सिस्टरांबरोबर क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलेली, बाकीची माझ्याकडे मैदानात. लंगडी चालू होती. याचा दोस्त कोपऱ्यात अडकला, राज्य असलेली मुलगी दोन उड्यांवर, आणि हा रेषेबाहेरून किंचाळला, पळ! पळ पळ पळ!

मी शिट्टी तोंडात धरून तशीच उभी. कुणाच्या लक्षात आलं नाही, खेळ चालू होता. त्याच्या मात्र आलं. तो गप्प झाला, हात तोंडाशी नेला, आणि हळूच एकदा म्हणून बघितलं, पळ. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली फक्त. त्या दुपारी त्याने वर्गातल्या सगळ्या ळ च्या वस्तू गोळा केल्या. शाळा. फळा. माळ. कमळ. नारळ. केळं. बाळ येशू, कारण भिंतीवर तसबीर आहे. घंटा झाल्यावर दप्तर पाठीला लावून दारात उभा राहून म्हणाला, टीचर, वेळ झाली.

आता ही गोष्ट गुणांत कुठे बसवायची? मराठीत त्याला वर्षाचे ५७, म्हणजे क-१. वाचन अजून कच्चं आहे, जोडाक्षरं येत नाहीत, लेखी पेपरात तीन प्रश्न सोडलेत, त्यामुळे ५७ बरोबरच आहेत, मी प्रेमापोटी गुण वाढवत नाही, त्याने पुढे शिकवणाऱ्या बाईंची फसवणूक होते आणि पोराचीही. पण जूनमध्ये हा माझ्या वर्गात एक वाक्य बोलत नव्हता. अ-१ घेणारी पोरगी जूनमध्येही अ-१ च होती, हुशार आहे, कौतुक आहेच तिचं, पण वर्षभरात कोण किती चाललं असं विचारलं तर मी याचंच नाव घेईन. विशेष प्रगतीच्या चौकटीत मी लिहिलं: ‘ळ’ स्वच्छ म्हणतो. शाळा, फळा, पळ. सिस्टरांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, केंद्रप्रमुखांनी विचारलं तर? मग स्वतःच म्हणाल्या, विचारलं तर मी त्यांना बोलावून ऐकवीन. आणि सही केली.

एवढं सगळं बघता येतं ते पट लहान आहे म्हणून. आणि इथेच माझ्या पोटात खड्डा पडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबात प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आमच्यासारख्या अनुदानित शाळेची संचमान्यताही, म्हणजे शिक्षकांची पदं किती ते ठरवणंही, साधारण त्याच गणिताने होते. आम्ही ६४ वर उभे आहोत. चार पोरं कमी झाली की एक पद जातं, मग चार वर्ग आणि दोन माणसं. त्यात पट म्हणजे समोर बसलेली पोरं असं नाही, आधार व्हॅलिड झालेली पोरं. तबेल्यावरच्या या मुलाचं आडनाव आधारवर एक आणि जन्मदाखल्यावर एक. वर्षभर तो पहिल्या बाकावर बसला, लंगडीत जिंकला, ळ शिकला, आणि आमच्या ऑनलाइन यादीत त्याच्या नावापुढे इनव्हॅलिड. त्याच्या आईला घेऊन मी आधार केंद्रावर तीन चकरा मारल्या, शेवटची चकर फेब्रुवारीत, तेव्हा झालं एकदाचं. असे अजून पाच आहेत.

आणि पहिलीच्या बाई ३१ मेला रिटायर होतायत. अडतीस वर्षं पहिली शिकवली त्यांनी. हात धरून अ काढायला शिकवलेल्यांपैकी दोघे आज धर्मगुरू आहेत. त्यांच्या जागी कोण येणार, येणार की नाही, काही कळलेलं नाही. फादरांचीही बदली लागलीय, जूनमध्ये नवे फादर येतील, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायचं. बाकी यंदाच्या बातम्या चांगल्या आहेत: पडवीची कौलं बदलली, पाण्याचा फिल्टर आला, चौथीच्या पोरांनी निरोपाला शाळेला सोनचाफ्याचं कलम दिलं आणि ते लागलंय, मे महिन्यात त्याला पाणी घालायची जबाबदारी आळीतल्या दोघांनी घेतलीय.

मार्चमधे धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, सभेत एकाने विचारलं की आपलीच मुलं त्या शाळेत नाहीत तर चर्चने ती चालवायची कशाला. माझ्या वर्गातल्या ३१ पैकी कॅथलिक नऊ आहेत, हे खरं आहे. आणि खरं हेही आहे की माझी स्वतःची दोन्ही मुलं इंग्लिश मीडियमला शिकली. त्या वेळी मी घाबरले होते, सगळे घालत होते, मीही घातली. आज माझा मुलगा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, वाचन करायला उभा राहतो तेव्हा मराठी बायबलमधल्या प्रत्येक तिसऱ्या शब्दाला ठेचकाळतो, आणि मी बाकावर बसून मनातल्या मनात त्याच्या आधी तो शब्द म्हणत असते. माझी आजी लहानपणी लॅटिनमधली मिस्सा ऐकायची, अर्थ न कळता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा ती रडली होती असं आई सांगते, की देव आता आपल्याला कळेल असं बोलायला लागला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या गावागावात पेढे वाटले गेले, आणि तेही याच पट्ट्यातल्या मराठी शाळेतून शिकून गेले होते. हे सगळं मला त्या सभेत बोलायचं होतं, पण आवाज चढला आणि मी फक्त एवढंच म्हटलं की ज्या पोरांना दुसरं कुणी घेत नाही ती आमच्याकडे येतात, मग चर्चची शाळा अजून कशासाठी असते? त्यावर वाद झाला. प्रश्न अजून तसाच आहे, पुढच्या सभेत परत येईल.

एक मेला झेंडावंदन झालं, आभाराची छोटी प्रार्थना झाली, खाऊ वाटला आणि पालक वर्गात आले. तबेल्यावरची आई शेवटी आली, दूध पोचवून, घाईघाईत, पदर डोक्यावर. दारातूनच विचारलं, टीचरजी, पास है ना? म्हटलं पास आहे, बसा. कार्ड तिच्या हातात दिलं तर तिने ते उलटं-सुलटं केलं आणि माझ्याकडे परत केलं, आप ही पढ़ दीजिए. मी चष्मा शोधतेय तोवर पोराने माझ्या हातातून कार्ड घेतलं. बोट ठेवून वाचायला लागला. ळ बरोबर आला. पुढच्याच शब्दाला अडला, स्व... स्व... च... जोडाक्षर ना ते, मीच घातलेलं, मला तेव्हा सुचायला हवं होतं की हे तो स्वतः वाचणार आहे. मी सांगणार होते, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. स्व-च्छ. म्हणतो. शाळा, फळा, पळ.

आई म्हणाली, ये ळ क्या होता है? तिने ल च म्हटलं होतं, माझ्या कानाला ल च आला. तो बाकावर चढला, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं, आ केला, आणि बोटाने जीभ दाखवून जीभ वर वळवली. असं. आता तू कर. माझ्या वर्गात, चार पालकांसमोर, ती बाई पदर तोंडावर घेऊन हसत होती आणि पदराआड जीभ वळवून बघत होती. दोनदा, तीनदा. तिला नाही जमलं. तो तिला म्हणाला, हो जाएगा, मेरे को भी टाइम लगा था.

तीस कार्डं त्या दिवशी गेली. एक राहिलं.

तिसरीतली एक मुलगी आहे, पाड्यावरची. पहिल्या सत्रात गणितात अ-२. दिवाळीनंतर घरचे सगळे वीटभट्टीवर गेले, तीही गेली. जाताना मी शिक्षण हमी कार्ड बनवून दिलं होतं, की जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा, तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात घालून चेन लावून दिली. नंतर फोन लागला नाही. हजर दिवस ९८ वर थांबलेत. ती वर्गोन्नत आहे, चौथीत जाईल, नियम तसाच आहे. पण दुसऱ्या सत्राच्या चौकटींत मी काय लिहू, मी तिला बघितलंच नाही. पीडीएफमधलं एखादं वाक्य टाकून कार्ड पूर्ण करता आलं असतं, पेन हातात घेतलंही होतं.

आमच्याकडे उंची जूनमध्ये आणि एप्रिलमध्ये लिहायची असते. माझ्या वर्गाच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघा आहेत, प्रत्येकाची जूनची आणि एप्रिलची, पोरं येता-जाता त्यावर हात ठेवून बघतात. तिची जूनची रेघ ११६ सेंटीमीटरला आहे, वर काही नाही. रंगारी मे महिन्यात दारं रंगवायला येणार आहे, त्याला मी सांगून ठेवलंय की या चौकटीला हात लावू नकोस. कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शाळा १५ जूनला उघडतेय.